तबकडीतले नाव

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. श्रीगोंद्याच्या बसस्थानकाजवळ माझे छोटेसे दुकान आहे. सकाळची झेरॉक्सची गर्दी ओसरली होती. ऊसतोडीच्या टोळ्या गावात उतरू लागल्या होत्या आणि ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत रस्त्यावरून चालल्या होत्या. अशा वेळी नऊवारीतल्या एक आक्का पायरी चढून आत आल्या. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि काचेच्या काउंटरवर ठेवली. प्लास्टिकच्या पाकिटातली सीडी होती ती. तिच्यावर चिकटवलेले कागदी लेबल पिवळे पडले होते आणि त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिले होते : 'शुभविवाह, मे १९९६, भाग २'. अक्षर माझेच होते.

"यात आमचे मालक हायेत," आक्का म्हणाल्या. "नातवाचं लगीन हाय माघात. आजोबाला मोठ्या पडद्यावर दाखवायचं म्हणतोय. घरच्या मशिनात लागंना. तूच केली व्हती, आता तूच लावून दे."

मी सीडी पुसली, संगणकात घातली. दिवा लुकलुकला, चकती गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. पडद्यावर काहीच आले नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तिथेही तेच. उजेडासमोर धरली तेव्हा लेबलाच्या कडेने चंदेरी थराला पडलेली भोके दिसली. त्यातून ट्यूबलाइटचा उजेड आरपार येत होता.

"आक्का, कॅसेट असेल ना घरी?" मी विचारले. विचारतानाच मला उत्तर आठवले.

"तूच म्हणला व्हता, आता कॅसेट टाकून दिली तरी चालंल. पोरांनी फीत ओढून ज्वारीवर ताणली त्या साली. पाखरं लई व्हती."

त्या लग्नाचे शूटिंगही मीच केले होते. १९९६ साली तालुक्यात व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस म्हणजे अर्धा पाहुणा आणि अर्धा साहेब असे. सोबत हॅलोजनचा दिवा धरून धावणारा एक पोऱ्या. दिवा तोंडावर आला की म्हातारी माणसे डोळे मिटून घेत आणि आयुष्यभर कॅसेटमध्ये तशीच मिटल्या डोळ्यांची राहत. घोड कालव्याच्या काठच्या एका गावात, दारातल्या मांडवात हे लग्न होते. रुखवतापाशी बायकांची उखाण्यांची चढाओढ लागली होती. कोणीतरी नवरीच्या बापालाच धरून आणले. तो मुलखाचा अबोल माणूस. हो-ना करता करता त्याने उखाणा घेतला आणि शेवटी आक्कांचे नाव उच्चारले. मांडवात एकच हशा उसळला. आक्कांनी पदर तोंडाला लावला. हे सारे मी टिपले होते. दिवसभरातले चांगले दृश्य मिळाले, एवढेच तेव्हा मला वाटले होते.

त्या पिढीत नवरा बायकोला नावाने हाक मारीत नसे. 'अगं ए', 'ऐकलं का' यांवर संसार होत. आक्कांचे मालक २०१३ साली गेले. "सबंध जन्मात त्यांनी तेवढं एकदाच माझं नाव घेतलं," आक्का म्हणाल्या, "आन् ते तुझ्या सीडीत हाय." त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

२००४ साली त्या कॅसेट घेऊन आल्या, तेव्हा दुकानाचा रंग बदलला होता. व्हीसीआर घरोघरी कधी आलाच नव्हता. तो भाड्याने आणून रात्रभर तीन सिनेमे पाहायची चैन होती. सीडी प्लेअर मात्र हजार-दोन हजारांत मिळू लागला आणि उसाचे बिल आले की टीव्हीच्या डोक्यावर जाऊन बसू लागला. लग्नाच्या कॅसेटी घरात होत्या, पण त्या लावायला यंत्र नव्हते. म्हणून लोक रांगेने येत : "एवढी सीडी मारून द्या."

'सीडी मारणे' हा शब्द ऐकायला सोपा, पण ती दोन निरनिराळी कामे होती. पहिले काम चित्र संगणकात घेण्याचे. व्हीसीआरची वायर संगणकातल्या कार्डाला जोडायची आणि कॅसेट सुरू करायची. तीन तासांची कॅसेट तीन तासच खाणार, तिथे घाई चालत नाही. मध्येच संगणक दमला की काही चित्रे गळत आणि मग आवाज पुढे, ओठ मागे अशी गंमत होई. मंगलाष्टके संपायच्या आतच अक्षता पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरे काम रूपांतराचे. घरातला प्लेअर संगणकाइतका शहाणा नसतो. त्याच्या पोटातल्या चिपला ठरावीक भाषाच कळते. व्हिडिओ सीडीची भाषा १९९३ साली सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून ठरवली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ३५२ ठिपके रुंद, २८८ ठिपके उंच आणि सेकंदाला २५ चित्रे. दाबून लहान करण्याची रीत एमपेग-१. यात एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावत. म्हणजे तीन तासांच्या लग्नाच्या तीन सीड्या. नंतर डीव्हीडी आली. तिचे चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ठिपके चौपटीहून थोडे जास्तच, आणि रीत एमपेग-२. जागा ४.७ जीबी. संगणक तीच जागा आपल्या हिशेबाने ४.३८ दाखवतो आणि "एवढी कमी का?" म्हणून गिऱ्हाईक भांडायला येते.

पुढे मोबाइल आले तसे लोक फोनमधली फाइल घेऊन येऊ लागले. घरी संगणक असलेल्या पोरांनी ती फाइल जशीच्या तशी सीडीवर चढवलेली असे आणि प्लेअर 'नो डिस्क' म्हणून हात वर करी. मी त्यांना सांगे, बाबांनो, पत्र मोडीत लिहून पाकिटात घातले तर पाकीट पोहोचेल, पण वाचणार कोण? फाइल आधी प्लेअरच्या भाषेत उतरवायची, मग तिची मांडणी त्याला हवी तशी करायची. व्हीसीडीत 'एमपेगएव्ही' नावाच्या खणात, डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाच्या खणात. आणि शेवटी सीडीचे तोंड बंद करायचे, ज्याला आम्ही 'फायनलाइज' म्हणायचो. ते राहिले तर चकती माझ्या संगणकात चाले आणि गिऱ्हाइकाच्या घरी नाही. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेल्या कॅसेटीची तऱ्हा आणखी वेगळी. तिकडे एनटीएससी पद्धत, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. आपल्या जुन्या टीव्हीवर तो भाऊ काळापांढरा होऊन वर-खाली लोळू लागे.

एवढे सगळे करून सीडी मारायला घ्यावी तर वीज. २००५ नंतरची सात-आठ वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन भोगले. कधी कधी दिवसातले दहा-बारा तास अंधार. सीडी लिहिताना लेसरचा किरण एकदा निघाला की वाट पाहत नाही. वीज गेली की चकती गेली. बॅटरी घेतली, पण तीही कधी दगा देई. वाया गेलेल्या सीड्यांचा दोरा ओवून मी दाराशी टांगत असे. शेतकरी मागून नेत. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानात त्या उन्हात चमकत, ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांच्या मागे रात्री लुकलुकत. माझ्या नुकसानीने पाखरे उडाली आणि एखादा अपघात टळला असेल, तर ते पुण्य माझ्या खात्यावर आहे.

आक्कांची सीडी मात्र वाया गेलेली नव्हती. मी ती त्यांच्या देखत प्लेअरवर लावून दाखवली होती. उखाणा आला, त्या हसल्या. मी तीस वर्षांच्या अनुभवी माणसासारखा म्हणालो, "आता आयुष्याची काळजी मिटली. कॅसेटला बुरशी लागते, सीडीला काही होत नाही." वास्तविक माझा त्या धंद्यातला अनुभव तेव्हा उणापुरा तीन वर्षांचा होता.

हे माझे एकट्याचे अज्ञान नव्हते. सीडी आली तेव्हा ती जवळजवळ अमर आहे, अशीच हवा होती. कारखान्यात छापलेल्या गाण्याच्या सीडीबद्दल ते बरेचसे खरेही आहे. तिच्यातली माहिती प्लास्टिकमध्येच खळग्यांच्या रूपाने दाबलेली असते. आम्ही दुकानात मारीत होतो ती सीडी वेगळी. तिच्यात रंगाचा एक अतिशय पातळ थर असतो आणि लेसर तो थर ठिकठिकाणी भाजून खुणा करतो. रंगच तो, ऊन आणि उष्णता यांनी विटणारच. आक्कांच्या घरावर पत्रे, सीडी टीव्हीवर, आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा. असे वीस उन्हाळे तिने काढले.

दुसरी गोष्ट लेबलाची. आपण सीडीची चमकती बाजू जपतो आणि नावाची बाजू खुशाल घासतो. प्रत्यक्षात सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते आणि चंदेरी थर नावाच्या बाजूलाच, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर तो पुष्कळदा घासून काढता येतो. वरच्या बाजूला बॉलपेनचे टोक रुतले तर खाली माहितीच उरत नाही. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून तेवढी ती सुरक्षित. मी दुकानाची शोभा म्हणून रंगीत कागदी लेबल चिकटवीत असे आणि त्यावर बॉलपेनने दाबून लिहीत असे. वर्षानुवर्षे तो गोंद सुकत, ताणत, थर उचलत राहिला.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ७०० एमबीच्या सीडीवर व्हीसीडीचा मजकूर सुमारे ८०० एमबी मावतो. तेव्हा मला याचे नवल वाटे, फुकटात जागा मिळाल्यासारखे. संगणकाच्या साध्या सीडीत प्रत्येक तुकड्याबरोबर चूक दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती ठेवलेली असते. व्हीसीडीत त्यातला एक पदर काढून टाकतात आणि ती जागा चित्राला देतात. चित्रातला एखादा ठिपका चुकला तर कोणाच्या लक्षात येणार, हा त्यामागचा विचार. म्हणजे जी चकती आम्ही लोकांना आठवणी ठेवायला देत होतो, तिची तटबंदी मुळातच एका भिंतीने कमी होती.

आणि शेवटची गोष्ट माझ्या हावेची. लग्नसराईत दिवसाला चाळीस-चाळीस सीड्या मारायच्या असत. ५२ एक्सच्या वेगाने तीन-साडेतीन मिनिटांत एक निघते. ८ एक्सने दहा मिनिटे लागतात. मी सगळ्यात वरचा वेग लावत असे आणि लिहिलेले पुन्हा तपासून घेण्याची खूण काढून टाकत असे. घाऊक बाजारातून बिनझाकणाच्या, शंभराच्या थप्पीतल्या सीड्या आणत असे. कारण सीडीमागे चार रुपये सुटत.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जाणकार माणसे आहेत, थंड खोल्या आहेत. तरीही दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याला सलग पाहायला मिळत नाही. देशाच्या पहिल्या चित्रपटाची ही गत, तर घोड कालव्यावरच्या एका उखाण्याची काय कथा, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. ती पटेना. फाळक्यांच्या प्रेक्षकांना 'मूळ प्रत टाकून द्या' असे सांगायला मी गेलो नव्हतो. आक्कांना सांगितले होते.

पहाटे एक गोष्ट आठवली. त्या काळी लग्नाच्या सीड्यांचे नेहमी दोन संच लागत, एक माहेरी ठेवायचा, एक सासरी न्यायचा. जुनी वही काढली. २००४ च्या पानावर आक्कांच्या नावापुढे 'संच २' असे लिहिलेले होते. लेक दौंडला दिलेली. मी मोटारसायकल काढली आणि आक्कांच्या नातवाला मागे बसवून काष्टीमार्गे दौंड गाठले.

लेकीने कॉटखालची लोखंडी पेटी ओढली. तिच्यात शालू, शालूच्या घडीत लग्नाचा अल्बम, अल्बमच्या खाली तीन सीड्या. वीस वर्षे अंधारात, कपड्यांच्या गारव्यात. शिवाय त्या दिवशी माझी लेबले संपली होती म्हणून या संचावर मी नुसते मऊ मार्करने लिहिले होते. माझा निष्काळजीपणाच इथे उपयोगी पडला. "आमच्याकडं सीडीचं मशीनच नव्हतं," लेक म्हणाली, "म्हणून कधी लावलीच नाही."

दुसरी सीडी तरीही सुखाने उघडली नाही. माझ्याकडे एक जुना, संथ ड्राइव्ह अडगळीत पडला होता. नव्या ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते असे म्हातारे कधी कधी वाचतात. सीडी मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल पुसली की ओरखडा माहितीच्या वाटेनेच जातो आणि जास्त नुकसान करतो. मग वाचता न आलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचणारा आणि अगदीच हटून बसला तर पुढे जाणारा प्रोग्राम लावला. ऐंशी मिनिटांची सीडी वाचायला त्याने सबंध दिवस आणि अर्धी रात्र घेतली.

उखाण्याच्या जागी चित्राचे चौकोन झाले होते. मालकांचा फेटा एकीकडे, चेहरा दुसरीकडे. मांडवाच्या झालरी मध्येच गोठलेल्या. पण आवाज होता. थोडा खरखरीत, एके ठिकाणी अडखळलेला, आणि शेवटी ते नाव स्वच्छ.

आक्कांना बोलावून मी ते लावले. त्यांनी ते एकदा ऐकले. मग म्हणाल्या, "आवाज वाढव रं." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी अट्ठावीस वर्षांपूर्वीसारखाच पदर तोंडाला लावला. नातू बाहेर जाऊन उभा राहिला.

"आता ह्ये कशात ठिवायचं?" जाताना त्यांनी विचारले. गेली वीस वर्षे या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचे उत्तर असे. त्या दिवशी नव्हते. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे जुलै २०१६ मध्ये थांबवले. २००७ च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत विकून बाजार हलवणारी मोझर बेअर ही आपल्या देशातली चकत्यांची बडी कंपनी. २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. ज्यांच्या भरवशावर आपण वस्तू ठेवतो त्या पेट्याच मरतात. पेन ड्राइव्ह आणि फोनही त्याच वाटेने जाणार.

आमच्या गावात शेख महंमद महाराजांची समाधी आहे. त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ सतराव्या शतकातला. छापखाना येईपर्यंत बराच काळ गेला. तोवर अशा ग्रंथांना वाळवी, पाऊस, आग आणि उंदीर यांच्यातून वाट काढावी लागली. त्या काळचा कागद काही अमर नव्हता. पोथी जीर्ण व्हायच्या आत कोणीतरी बसून तिची नक्कल करीत होते आणि ती दुसऱ्या गावी जात होती, म्हणून ते शब्द टिकले. आपण यंत्रावर विसंबलो आणि नकलण्याचे ते जुने व्रत सोडले. आक्कांचे नाव वाचले तेही शेवटी सासर-माहेरच्या जुन्या रिवाजामुळे, एकाच्या दोन प्रती झाल्या म्हणून. माझ्या सीडीच्या गुणाने नव्हे.

तेव्हा आता माझ्याकडे जुनी कॅसेट वा सीडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी सांगतो. मूळ वस्तू कितीही जुनी झाली तरी टाकू नका. माझ्यापेक्षा चांगला माणूस, चांगले यंत्र उद्या मिळू शकते. एकाच घरात एकच प्रत ठेवू नका. लेकीकडे द्या, भावाकडे द्या. आणि दर चार-पाच वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत ती लावून पाहा, नव्या वस्तूवर पुन्हा उतरवून घ्या. चालते तोवरच नक्कल निघते.

आक्कांच्या फाइलच्या मी चार प्रती केल्या. एक नातवाच्या फोनमध्ये, एक लेकीच्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्या संगणकात. चौथीचा आग्रह खुद्द आक्कांचा. त्यांना फोनमधले काही लावता येत नाही. त्यांच्या हाताला सवय आहे ती घरच्या प्लेअरचे बटण दाबण्याची. म्हणून फाइल पुन्हा ७२० बाय ५७६ मध्ये उतरवली, कपाटात जपून ठेवलेली एक कोरी डीव्हीडी काढली आणि सगळ्यात कमी वेग लावून लिहायला घातली. मग लिहिलेले पुन्हा तपासून घेतले. लेबल लावले नाही. मधल्या पारदर्शक कड्यावर, जिथे माहिती नसते, तिथे मऊ मार्करने बारीक अक्षरात त्यांचे नाव तेवढे लिहिले.

पैसे किती झाले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, हे २००४ सालचेच काम आहे आक्का, तेव्हा अर्धेच झाले होते.